पन्नास शेतकऱ्यांच्या मुलाखती आणि एकही खरी नाही: काय करावं?

तासिका_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीला फील्ड प्रोजेक्टचे वेगळे क्रेडिट आहेत. गावात जायचं, लोकांशी बोलायचं, जे दिसलं ते लिहायचं. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका गटानं विषय घेतला होता, कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांचा खर्च आणि कर्ज. चौघांचा गट, पन्नास मुलाखती, तक्ते, आलेख, निष्कर्ष. फाइल इतकी नीटनेटकी की आधी आनंदच झाला.

मग वाचायला बसलो. एक शेतकरी सांगतो की वेचणीच्या मजुरांना दिवसाचा रोज द्यावा लागतो. आपल्याकडे वेचणी किलोवर असते, हे या चौघांना कुणी सांगायला हवं का? त्यातल्या एकीची आई दर हंगामात वेचायला जाते. पन्नासच्या पन्नास लोकांनी आपली जमीन हेक्टरमध्ये सांगितली आहे, इथं माणूस एकरात बोलतो. निम्म्यांकडे ठिबक आहे, आणि गाव तर सगळं कोरडवाहू. एकाही घरावर सावकाराचं कर्ज नाही. सगळे बँकेचे नियमित खातेदार. आणि सगळे बोलतात छापील मराठी, एकाच्याही तोंडी ‘पऱ्हाटी’ (कपाशी) नाही, ‘वावर’ (शेत) नाही.

विचारल्यावर मुलांनी लपवलं नाही. चॅटबॉटला सांगितलं की विदर्भातल्या ५० कापूस उत्पादकांचा सर्व्हे तयार कर, नावं घाल, त्यांच्या तोंडची वाक्यं घाल. गावाचं नाव मात्र खरं टाकलं, कारण प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ते लागतं.

मुलांनी चॅटबॉट वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. न समजलेला धडा त्याच्याकडून समजून घेतला, इंग्रजी अर्ज नीट करून घेतला, स्वतःच्या लिखाणातली शुद्धलेखनाची घाण काढून घेतली, तर मी उलट शाबासकी देईन. असाइनमेंट सरसकट लिहून घेणारेही आहेत. ते मला पटत नाही, पण त्यात नुकसान मुख्यतः त्या पोराचंच होतं. हे प्रकरण मात्र मला वेगळं वाटतं. इथं एका खऱ्या गावातल्या माणसांच्या तोंडी न बोललेलं घातलं आणि त्यांची कर्जं कागदावरून पुसून टाकली. मुलांना यात काही गैर वाटलं नाही याचं जास्त वाईट वाटलं. एक जण म्हणाला, ‘सर, गेलो असतो तरी असंच काहीतरी आलं असतं.’

नापास करू का? आणि पुढच्या बॅचला काय सांगू?

पुण्यातला_वऱ्हाडी

सर, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा दारव्हा तालुक्यातला. त्या फाइलमध्ये हेक्टर, ठिबक आणि रोजंदारी का आली ते सांगतो. चॅटबॉटला तुमचं गाव माहीत नाही. आजवर जे लिखाण त्याच्या शिकवणीत वापरलं गेलं त्यावरून पुढचा शब्द कोणता शोभेल हे तो ठरवत जातो. मराठी शेतीबद्दल जे लिहिलं गेलं त्यात आपल्या कोरडवाहू पट्ट्यातल्या माणसाचं स्वतःचं बोलणं फारच थोडं. म्हणून तो कुठल्याच गावचा नसलेला एक सरासरी शेतकरी उभा करतो. तो मुद्दाम खोटं बोलत नाही, पण खरं काय हे तपासायला त्याच्याकडे वावरही नाही.

हे फक्त आपल्या पोरांचं होतं असंही नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून कोर्टात सादर केले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. तिथं खटले रचले गेले, तुमच्याकडे शेतकरी.

एक कळकळीची विनंती. ‘हे एआयनं लिहिलं का’ हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या साइटवर फाइल टाकून कुणाला नापास करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयनं असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राच्या लिखाणापैकी फक्त २६ टक्के त्यानं ‘बहुधा यंत्राचं’ म्हणून बरोबर ओळखलं होतं आणि माणसाच्या लिखाणापैकी ९ टक्के यंत्राचं ठरवलं होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्यात घातले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द, सरळ वाक्यं, तीच ती रचना असली की त्यांना संशय येतो. आपल्या मराठी माध्यमातल्या मुलांचं इंग्रजी नेमकं तसंच असतं. म्हणजे चोर सुटतो आणि घाम गाळणारा सापडतो. तुम्ही जसं पकडलंत, वाचून आणि वेचणीच्या दरावरून, तीच पद्धत बरोबर आहे.

नियमानं_चाला

नापास. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? ज्यांनी उन्हात फिरून दहाच मुलाखती घेतल्या, अर्धवट लिहिल्या, त्यांना तुम्ही किती गुण दिले असतील आणि या फाइलला किती दिले असते, एवढंच स्वतःला विचारा. माफ केलंत तर पुढच्या वर्षी कुणीच गावात जाणार नाही.

एसटी_पास

सर, मी वाशीम जिल्ह्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या विद्यार्थ्यांनी केलं ते चूकच आहे, ते मी मान्य करून पुढं लिहिते.

माझं दहावीपर्यंत सगळं मराठीत झालं. अकरावी सायन्सला पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीत. शेजारच्या बाकावर शहरातून आलेल्या, क्लास लावलेल्या मुली. मी दोन वर्षं शब्द पाठ केले, अर्थ नंतर कधीतरी लागला. कॉलेजमध्ये आमच्या एका विषयाला पूर्णवेळ शिक्षक नाहीत. तासिकेवर सर येतात तेही सत्र अर्धं झाल्यावर. दुपारची बस चुकली की पुढची थेट संध्याकाळी, म्हणून ग्रंथालयात बसणं जमत नाही. अशा वेळी रात्री जेवणं झाल्यावर मी चॅटबॉटला मराठीत विचारते, एन्ट्रॉपी म्हणजे नक्की काय, हे समीकरण इथून इथं कसं आलं. तो चुकतोही, पुस्तकाशी ताडून बघावं लागतं. पण परत परत विचारलं तर तो वैतागत नाही, ‘एवढंही येत नाही का’ म्हणत नाही. मला हे आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. हे अनैतिक आहे असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही.

मागच्या सत्रात मी गावातल्या विहिरींच्या पाण्याचा जडपणा काढला. बाटल्या मीच भरल्या, ईडीटीए टायट्रेशन मीच केलं, लाल रंग जाऊन निळा येईपर्यंत ब्युरेटकडे बघत मीच उभी होते. रिपोर्ट मी माझ्या इंग्रजीत लिहिला आणि व्याकरण चॅटबॉटकडून दुरुस्त करून घेतलं. सादरीकरणाच्या वेळी सगळ्यांसमोर ऐकावं लागलं की हे तुझं इंग्रजी नाही, कॉपी आहे. कुठल्या विहिरीचं पाणी जड निघालं, ते का निघालं असावं, एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

दुसरं म्हणजे खोटी रीडिंग आम्हाला चॅटबॉटनं शिकवली नाहीत. प्रयोगशाळेत रसायन संपलं की मागच्या बॅचच्या जर्नलमधून आकडे उतरवा असं आम्हाला सांगितलं जातं. पहिल्या वर्षापासून हेच बघितलेल्या मुलाला ‘गेलो असतो तरी असंच आलं असतं’ असं वाटलं, तर ते तो कुठं शिकला याचाही विचार व्हावा.

निवृत्त_विभागप्रमुख

एसटी_पास, बेटा, तुझा शेवटचा परिच्छेद आमच्या पिढीनं वाचायला हवा. प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचे, पर्यावरणाच्या प्रोजेक्टवर फक्त नाव बदलून लोक पास झाले, आणि आम्ही सह्या केल्या. आज यंत्राला नावं ठेवताना हे विसरता येणार नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात न झालेले कार्यक्रम झालेले दाखवायचे आणि विद्यार्थ्यांना सचोटीवर व्याख्यान द्यायचं, हे पोरांना दिसतं.

नियमाबद्दल थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उचलेगिरीविरुद्धचे नियम २०१८ चे आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढं पायरीपायरीनं शिक्षा, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. पण ते नियम साम्य मोजतात, म्हणजे दुसऱ्याचं किती उचललं ते. या फाइलमध्ये उचललेलं काहीच नाही. सगळं नवंकोरं आणि सगळं बनावट. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली तर ती स्वच्छ निघेल, आणि रात्र रात्र जागून पुस्तकातून टिपणं काढणारा मुलगा अडकेल. म्हणून मास्तर, ‘कॉपी’ हा शब्दच इथं वापरू नका. विदा (डेटा) बनावट आहे असं स्पष्ट लिहा. संशोधनात हा उचलेगिरीहून गंभीर गुन्हा मानला जातो, आणि मुलांना हा फरक पदवीच्या दुसऱ्या वर्षातच कळायला हवा.

वावरातला_बाप

नमस्कार. मी बारावी शिकेल हावो, मोबाईलमंधी बोलून लिहून रायलो, चुकलं तं समजून घ्या. माहा पोरगा अकोल्याले शिकते.

मास्तर, आमच्या गावात मांगच्या साली कॉलेजचे पोट्टे आले होते, खरेखुरे. माह्या ओट्यावर बसले. त्याईनं इचारलं, कर्ज किती हाय. मी बँकेचं सांगतलं. मंग जरा बसलो, च्या झाला, तवा सावकाराचंबी सांगतलं. ते माह्या बायकोलेबी पुरं माहीत नव्हतं. पोट्टं कागदावर लिहून घेत होतं तवा मले वाटलं, चला, कुठंतरी नोंद झाली.

आता तुमी सांगता का पोट्टे घरी बसूनच लिहून रायले का सावकार नाईच. असा एक कागद, असे शंभर कागद, उद्या कोणी साहेब पायन अन् म्हणन का या तालुक्यात सगळं ठीक हाय. मले कोणी न इचारता माह्या नावानं उत्तर देल्लं. हे मले लागलं.

अजून एक. पोरगा फोनले इचारून सांगते का बाबा हे दोन औषधं एकत्र मारा. मी त्याले म्हटलं, २०१७ चं साल इसरला काय? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना किती माणसं गेली, किती जणाईच्या डोयाले झालं. मी म्हटलं फोनले इचार, पण मंग कृषी विद्यापीठाच्या माणसाले इचार, डब्यावरचं वाच, मंग मले सांग. फोन चुकला तं फोनले काई होत नाई.

पुण्यातला_वऱ्हाडी

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यातच जबाबदारीचा सगळा प्रश्न आहे.

नियमानं_चाला

काकांचं वाचलं. माझं मत तेच आहे, फक्त आता ते गुणांपुरतं राहिलं नाही.

पोडावरची_शाळा

मी झरी-जामणी भागात शिक्षक आहे, कोलाम आदिवासींच्या पोडांमध्ये (वस्त्यांमध्ये) बरीच वर्षं काम करतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता बी.ए. करते. तिच्या पोडावरून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. तिनं आजीकडून जुन्या काळच्या जंगलाबद्दल, वनखात्याबद्दल, वेठीच्या कामाबद्दल कोलामीत ऐकून घेतलं, रेकॉर्ड केलं आणि स्वतः मराठीत उतरवलं. चॅटबॉटला कोलामी धड येत नाही, त्यामुळं इथवरचं काम कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. मग ‘भाषा चांगली कर’ म्हणून तिनं तो मजकूर त्याला दिला. परत आलं ते असं: आदिवासी समाज निसर्गपूजक आहे, त्यांचं जीवन साधं व आनंदी आहे. आजीनं सांगितलेला गार्डाचा मार गेला. उपाशी झोपलेल्या पावसाळ्याचा उल्लेख गेला. पोरीला वाटलं हेच चांगलं, कारण हे पुस्तकासारखं वाटत होतं.

मी तिला दोन्ही कागद आजीला वाचून दाखवायला लावले. आजीनं कोणता स्वतःचा म्हटला ते सांगायला नको.

मास्तर, भाषा सुधारून घेणं निर्धोक आहे असं तुम्ही वर धरलं आहे. तिथंही सांभाळा. आपल्या मुलांना आधीच शिकवलं गेलंय की आपली बोली अशुद्ध. यंत्र त्यावर शिक्का मारतं. सुधारून आलेल्या मजकुरात आपलं काय गळालं, हे मूळ कागद शेजारी ठेवून तपासायची सवय लावा.

तासिका_मास्तर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पोडावरच्या सरांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तो मी सत्राच्या पहिल्याच तासाला मांडणार आहे. एसटी_पास ताई, तुमच्या अनुभवावरून एक गोष्ट पक्की केली: संशय आला की आधी तोंडी प्रश्न, आरोप नंतर. ज्यानं काम केलं आहे त्याला ते बोलता येतं, मग इंग्रजी कुणाचंही असो.

आता निर्णय. ही फाइल मी स्वीकारत नाही. शेऱ्यात ‘कॉपी’ नव्हे, ‘मुलाखती बनावट’ असं लिहिलं आणि चौघांच्या त्यावर सह्या घेतल्या. प्राचार्यांशी बोलून याच सत्रात पुन्हा करण्याची मुदत मिळवली आहे, पण पन्नास नाही, बारा घरं. पन्नासचा आकडा आमच्याच जुन्या नमुना फाइलमधून आला होता. बस, शेतीची कामं आणि इतर विषय सांभाळून चौघांना तो झेपणारा नव्हता. बारा घरी बसून बोलले तरी मला पुरे आहे. कच्ची टिपणं हातानं लिहिलेली, जशी बोलली तशी, वऱ्हाडीत. ती फाइलला जोडायची. नंतर अहवाल लिहिताना चॅटबॉट वापरला तर कशासाठी वापरला ते पहिल्या पानावर लिहायचं, त्याचे गुण कापले जाणार नाहीत. तोंडी परीक्षेत मी फक्त त्या बारा घरांबद्दल विचारणार.

नियमानं_चाला, खरोखर फिरलेल्या गटांना वरचे गुण मिळतील, याची खात्री बाळगा. या चौघांना यावेळी पूर्ण गुणांतून मोजणार नाही.

अडचण लपवत नाही. आम्हाला पैसे तासाचे मिळतात, फाइल तपासण्याचे आणि गावात सोबत जाण्याचे नाहीत. माझ्या जागी दुसरा कुणी नुसती सही करून मोकळा झाला तर मी त्याला दोष देणार नाही. पण मग चॅटबॉटनं लिहिलेलं कुणीही न वाचता पास होत राहील, आणि पोरं बरोबरच समजतील की वाचणारा कुणी नाही. जागा भरल्याशिवाय या प्रश्नावरचं कुठलंही धोरण कागदावरच राहणार, असं माझं ठाम मत आहे.

एसटी_पास

सर, एक विचारते. मुलं रेकॉर्डिंग करतील आणि ते तसंच्या तसं चॅटबॉटला देऊन लिहून घेतील. ते चालेल का?

पुण्यातला_वऱ्हाडी

बरं झालं विचारलंत. माझ्या मते नाही. वावरातल्या काकांनी घरातही न सांगितलेलं कर्ज त्या पोरांना सांगितलं. ते नावानिशी एका कंपनीच्या सर्व्हरवर टाकायला काकांनी कुठं होकार दिला? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. कायद्याचं सोडा, विश्वासाचं तरी बघा. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आपलं संभाषण मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये असा पर्याय आहे, तो बंद-चालू करायला मुलांना शिकवा. २०२५ मध्ये एअरटेलनं पर्प्लेक्सिटी या चॅटबॉटचं पैशांचं खातं वर्षभर आणि जिओनं जेमिनी या चॅटबॉटचं १८ महिने फुकट दिलं, त्यामुळं आता प्रत्येक पोराच्या हातात हे आहे, पण सेटिंग उघडून बघितलेला मला एकही भेटला नाही. आणि सेटिंग काहीही असो, नाव, गट नंबर, आधार, सावकाराचं नाव यातलं काहीही टाकायचं नाही. घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन असं लिहा. सातबाराचा फोटो तर मुळीच नको.

तासिका_मास्तर (धागाकर्ता)

मान्य. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारायचं, मुलांनी स्वतः ऐकून उतरवायचं, आणि निकाल लागल्यावर पुसून टाकायचं. काका, प्रश्नावली मुलं पुन्हा तयार करत आहेत. तुमच्याकडे कुणी येऊन बसलं तर काय विचारावं, कसं विचारावं, हे तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

वावरातला_बाप

पयल्यांदाच कर्ज इचारू नका, माणूस आखडते. आधी पेरा इचारा, किती बॅगा लावल्या, बोंडअळी आली का, फवारे किती झाले. तेथून खर्च आपोआप निंगते. बियाणं कोणतं ते खोदून इचारू नका, चोरबीटीवाला (बिनपरवान्याचं बियाणं लावेल) माणूस भेते, मंग पुढचं सगळंच खोटं सांगन. कापूस कोणाले इकला ते नक्की इचारा, काऊन का ज्याच्याकडून उधार घेते त्यालेच इका लागते. अन् बाईमाणसाले वेगळं इचारा, पोरींनं इचारा. बचत गटाचं अन् फायनान्सवाल्याचं कर्ज तिच्या नावावर असते, हप्त्याचा वार तिलेच माहीत असते. सकाऊन येऊ नका, तवा वेचणी असते. सांजीले या.